पंचवीस हजार भाड्यातले हातात उरतात किती?

भाड्याने द्यायला फ्लॅट घेणारे बहुतेक जण एकच गणित करतात: महिन्याचं भाडं गुणिले बारा. त्यातून फार तर सोसायटीचा मेंटेनन्स वजा करतात. मग चौथ्या-पाचव्या वर्षी खालच्या मजल्यावरचे काका छताला आलेली ओल दाखवायला बोलावतात, त्याच सुमारास रंगही काढायला येतो, आणि वर्षभराच्या भाड्यातला मोठा तुकडा दोन महिन्यांत उडतो. खरं तर हा खर्च अचानक आलेला नसतो, रोज थोडा थोडा होतच असतो. फक्त त्याचं बिल एकदम येतं.

हिशेब एका ठरावीक घराचा मांडतो. पुण्यात, बारा वर्षं जुन्या सोसायटीत, ६५० चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके, दोन बाथरूम. भाडं २५,०००, डिपॉझिट ७५,०००. यातले दर आणि किमती गृहीत धरलेल्या आहेत. तुमच्या इमारतीचे, तुमच्या प्लंबरचे आकडे तुम्ही घाला, पद्धत तीच ठेवा.

इंटरनेटवर 'घराच्या किमतीच्या एक टक्का दरवर्षी दुरुस्तीला बाजूला काढा' असा एक अमेरिकन नियम फिरतो. तिकडच्या सुट्या घराला तो चालत असेल, तिथे छपरापासून अंगणापर्यंत सगळं मालकाच्याच गळ्यात असतं. आपल्या फ्लॅटच्या किमतीत मोठा वाटा जागेचा आणि परिसराचा. कोथरूडचा फ्लॅट वाघोलीच्या फ्लॅटपेक्षा कितीही महाग असला, तरी गीझर तोच, फरशी तीच आणि रंगाऱ्याची मजुरीही जवळपास तीच. म्हणून किमतीच्या टक्क्यांचा नाद सोडा. घरातली कोणती गोष्ट किती वर्षं टिकते आणि बदलायला किती लागतात, एवढंच लिहून काढा. बदलीचा खर्च भागिले आयुष्य, म्हणजे त्या वस्तूचा वर्षाचा खर्च.

रंगापासून सुरुवात करू. भिंती आणि छत मिळून रंगवायचं क्षेत्र कार्पेटच्या साधारण तिप्पट भरतं, म्हणजे इथे २,००० चौरस फूट. साधं ॲक्रिलिक इमल्शन दोन हातांत लिटरला १०० ते १२० चौरस फूट जातं. म्हणजे २० लिटरच्या एका बादलीत घर होतं. रंगाऱ्याने तीस लिटर लिहून दिले तर आधी कारण विचारा. किरकोळ लांबी (पुट्टी), प्रायमरचे ठिगळ आणि मजुरी धरून १५ रुपये फुटाचा दर लावला तर ३०,००० होतात. भाड्याच्या घराला चार वर्षांनी रंग लागतोच, म्हणजे वर्षाला ७,५००. हा आकडा कमी ठेवायचा असेल तर सगळ्या खोल्यांना एकच फिका रंग द्या, आणि शेडचा नंबर कपाटाच्या दाराच्या आत लिहून ठेवा. दोन भाडेकरूंच्या मधे मग हात लागतो तेवढाच भाग रंगवून भागतं. हॉलमधल्या एका भिंतीला गडद मरून द्यायचा असा हट्ट भाडेकरूने धरला तर जाताना तो झाकायला प्रायमर आणि जादा हात लागतो. तो खर्च कुणाचा, हे परवानगी देतानाच लिहून घ्या.

रंगाच्या बाबतीत पैसे वाया जाण्याचा हमखास मार्ग म्हणजे ओल बंद न करता वरून रंग मारणं. पश्चिमेकडच्या भिंतीवर पावसात डाग येतो, सप्टेंबरमध्ये भाडेकरू जातो, मालक घाईने रंग देतो, आणि आतलं पाणी बाहेर पडताना दिवाळीच्या आत पोपडे सुटतात. भिंत पूर्ण वाळल्याशिवाय ब्रश लावू नये. रंगकाम पावसाळ्यापूर्वी किंवा दिवाळीनंतर, मधे नाही.

बाथरूमवर थोडं सविस्तर, कारण भाड्याच्या घरातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात भांडणाचा खर्च तिथेच असतो. दोन बाथरूमचं पूर्ण वॉटरप्रूफिंग, म्हणजे टाइल्स फोडणं, जुना कोबा काढणं, पाइप बदलणं, रसायनाचा लेप, ब्रिकबॅट कोबा आणि नव्या टाइल्स, प्रत्येकी ६०,००० धरू. आयुष्य १५ वर्षं. १,२०,००० भागिले १५ म्हणजे वर्षाला ८,०००. पण ओल दिसली की लगेच फोडाफोड करू नका. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. पद्धत सोपी आहे, तरी घाईत कुणी करत नाही.

रात्री झोपताना फ्लॅटचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. काही घरांत बाथरूम वेगळ्या व्हॉल्व्हवर असतात, तेही सगळे बंद करा. सकाळपर्यंत खालचं ठिपकणं थांबलं तर दोष प्रेशरच्या लाइनमध्ये, म्हणजे भिंतीतल्या पाइपच्या जोडात किंवा नळाच्या मागच्या एल्बोमध्ये. हे काम तेवढीच टाइल फोडून होतं. व्हॉल्व्ह बंद असतानाही ठिपकत राहिलं, किंवा अंघोळ झाल्यावर तासाभराने वाढत असेल, तर दोष जमिनीत. मग नहाणी ट्रॅपच्या (जमिनीवरचं पाणी निघून जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या) तोंडात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कपडा घट्ट बसवा, इंचभर पाणी भरा, भिंतीवर पाण्याच्या पातळीशी पेन्सिलने रेघ मारा आणि चोवीस तास तसंच ठेवा. उन्हाळ्यात थोडं पाणी वाफेने उडतं, ते सोडून द्या. पातळी स्पष्ट उतरली तर टाइल्सच्या सांध्यांतून किंवा ट्रॅपच्या गळ्यापासून पाणी जातंय. पातळी टिकली, तर संशय ट्रॅपच्या खालच्या जोडावर किंवा कमोडच्या जोडावर. सांध्यांचाच दोष असेल तर जुना सिमेंटचा ग्राउट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून घेतलं की बऱ्याचदा काही वर्षं निभावतं, आणि खर्च फोडाफोडीच्या अगदी लहान हिश्श्यात बसतो. पण ट्रॅपचा जोड गेला असेल तर वरून कितीही ग्राउट भरा, पाणी खाली जातच राहणार.

कुणी पैसे द्यायचे? सोसायटीच्या आदर्श उपविधींत (सरकारने ठरवलेल्या नमुना नियमांत) विभागणी बरीच स्पष्ट आहे. बाहेरच्या भिंतीतून येणारं पावसाचं पाणी, गच्ची, सामाईक पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या उभ्या लाइनी हा सोसायटीचा खर्च. तुमच्या बाथरूम-स्वयंपाकघरातून खाली जाणारं पाणी तुमचा. बाहेरच्या भिंतीची गळती असेल तर कमिटीला फोटोसह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. व्हॉट्सॲपवर सांगितलेलं ऑगस्टमध्ये कुणाला आठवत नाही.

बाथरूमचा दरवाजा हा एक दुर्लक्षित खर्च. लाकडी फ्लश डोअरच्या खालच्या कडेला बांधतानाच सील केलेलं नसतं, पाणी चढत जातं, खालचे चार-सहा इंच फुगतात, सनमायका सुटतो, मग दार लागत नाही म्हणून लोक रंधा मारून खालून कापतात. कापलेली कड पुन्हा उघडी, म्हणजे आणखी लवकर कुजणार. एकदाच डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिळून केलेलं) दार आणि ग्रॅनाइटची चौकट करून टाका. दोन दारांना १६,०००, आठ वर्षं धरली तरी वर्षाला २,०००. प्रत्यक्षात जास्त टिकेल.

गीझर दोन, प्रत्येकी ९,०००, सात वर्षं; वर्षाला २,६००. बोअर किंवा टँकरच्या जड पाण्यावर सात वर्षंही जास्तच झाली. टाकीच्या आत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो. टाकीच्या पत्र्याऐवजी पाण्याने आधी त्याला खावं, एवढंच त्याचं काम. तो संपला की पाणी टाकीला लागतं आणि टाकी गळायला लागली की दुरुस्ती नाही, नवा गीझरच. दर दोन वर्षांनी रॉड तपासून बदलला तर काही शेकड्यांत काम होतं. आणखी एक गोष्ट: गीझरच्या इनलेटजवळच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून प्लंबर कधी कधी तिथे डमी ठोकतात. ते लगेच काढायला लावा. आतला दाब सोडायची ती एकच वाट आहे. आणि बंद बाथरूममध्ये गॅसचा गीझर असेल तर घर भाड्याने देण्यापूर्वी तो उतरवाच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आत बेशुद्ध पडल्यावरच बाहेर कळतं.

नळ, डायव्हर्टर, फ्लश टँक, अँगल कॉक, जाळीचे कनेक्शन पाइप असा सगळा संच मिळून ४०,०००, दहा वर्षं, वर्षाला ४,०००. नळ गळतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त स्पिंडल (नळ उघडझाप करणारा आतला भाग) गेलेला असतो. त्याच कंपनीचा स्पिंडल मिळाला की नळ पुन्हा नवा. म्हणून घर लावताना सगळे नळ एकाच कंपनीचे घ्या. कनेक्शन पाइप मात्र गळायची वाट पाहू नका, चार-पाच वर्षांनी सरसकट बदला. स्टीलच्या जाळीच्या आतली रबरी नळी कडक होते, दोन्ही टोकांचे नट चिरतात, आणि भाडेकरू गावी गेलेला असताना तो फुटला तर तुमच्या लाकडी कपाटांसकट खालच्याचं पीओपीही जातं.

बाकीचं भराभर. पाच पंखे, २,५०० प्रमाणे, दहा वर्षं: १,२५०. ट्रॉल्या आणि ओट्याखालचं काम ७०,०००, चौदा वर्षं: ५,०००. खिडक्यांचे रोलर, मच्छरजाळ्या, ग्रिलचा रंग १५,०००, पाच वर्षं: ३,०००. कोकणपट्टीत, मुंबई-ठाण्यातही, ग्रिलचं आयुष्य याहून कमी धरा. मे महिन्यात स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीतली पाणी निघून जायची छिद्रं साफ करून घ्यायला विसरू नका. ती धुळीने बुजली की पावसाचं पाणी बाहेर जाण्याऐवजी आतल्या भिंतीत उतरतं, आणि मालक उगाच वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतो.

या सगळ्याची बेरीज ३३,३५० होते. त्यावर प्लंबर-इलेक्ट्रिशियनच्या किरकोळ फेऱ्यांचे वर्षाला ६,०००, आणि भाडेकरू बदलताना साफसफाई व पेस्ट कंट्रोलचे दोन वर्षांतून एकदा ६,०००, म्हणजे वर्षाला ३,०००. एसी, फ्रीज, वॉशिंग मशीन तुम्ही देणार असाल तर तेही याच पद्धतीने जोडा. माझं मत विचाराल तर टू बीएचकेला गीझर, पंखे, ट्यूब आणि पडद्यांचे रॉड एवढंच द्यावं. फर्निचर देऊन वाढणारं भाडं त्याच्या दुरुस्तीत आणि वादात जातं. एक-दोन वर्षांसाठी येणारी आयटीतली मुलं हा एकमेव अपवाद, तिथे फर्निचरचे पैसे सुटतात.

आता सोसायटी. समजा मेंटेनन्सचं बिल ३,००० आहे. त्यातले सेवाशुल्क २,२००, पाणी ४००, आणि दुरुस्ती निधी व सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) मिळून ४००. घर भाड्याने दिलं की यावर बिनभोगवटा शुल्क (नॉन-ऑक्युपन्सी चार्ज) लागतं. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणजे इथे २२० रुपये. 'भाडेकरू ठेवलात, दुप्पट मेंटेनन्स द्या' असा ठराव सर्वसाधारण सभेने केला तरी तो या मर्यादेपुढे टिकत नाही. आईवडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण राहत असतील तर हे शुल्कच लागत नाही. थकबाकी ठेवू नका, उपविधींप्रमाणे २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येतं. एकूण ३,२२० गुणिले १२, म्हणजे ३८,६४०. बिल महिन्याला ७,५०० च्या वर जात असेल आणि सोसायटी जीएसटीच्या कक्षेत असेल तर १८ टक्के जीएसटीही धरा.

बिलात खरं पाहण्यासारखं काय असेल, तर ते शेवटचे ४०० रुपये. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती व देखभाल निधी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का दरवर्षी जमायला हवा. हा बांधकाम खर्च म्हणजे बाजारभाव नव्हे, जागेची किंमत त्यात येत नाही. बारा वर्षांपूर्वी ८०० फूट बांधकामाला १,५०० च्या दराने १२ लाख लागले असं धरलं, तर दोन्ही निधी मिळून वर्षाला १२,०००, महिन्याला १,००० व्हायला हवेत. बिलात आहेत ४००. म्हणजे दर महिन्याला प्रत्येक फ्लॅटमागे ६०० रुपये कमी जमतायत, वर्षाला ७,२००. शिवाय जमतायत ते बारा वर्षांपूर्वीच्या बांधकाम खर्चावर, आणि खर्च होणार आजच्या दराने. मेंटेनन्स कमी असलेली सोसायटी स्वस्त असते असं समजू नका. बाहेरचा रंग, लिफ्ट बदलणं, ड्रेनेजच्या लाइनी, यातलं काहीही निघालं की 'स्पेशल कॉन्ट्रिब्यूशन' नावाची नोटीस येते. या घरासाठी मी वर्षाला १०,००० त्यासाठी वेगळे ठेवीन. इमारत १५ वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट उपविधींत सांगितलेलं आहे, ३० वर्षांनंतर दर तीन वर्षांनी. त्या अहवालानंतर येणारी वर्गणी आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठी असते.

स्वतः तिथे राहत नसणारे मालक वार्षिक सभेला जात नाहीत. नका जाऊ, पण सभेच्या नोटिशीबरोबर येणारा ताळेबंद वाचा. सिंकिंग फंडाची शिल्लक आणि त्यासमोरची मुदत ठेव जुळते का, सभासदांची येणे बाकी किती आहे, एवढं पाहिलं तरी पुढच्या दोन-तीन वर्षांचा अंदाज येतो. टँकरचा खर्च किती वाढला तेही त्यातच दिसतं. बाणेर-हिंजवडी-वाघोलीकडे मेंटेनन्स वाढण्याचं ते एक मोठं कारण आहे.

मिळकतकर. पुणे महापालिकेत स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत मिळते, भाड्याने दिलं की ती जाते. सवलतीत ७,२०० च्या आसपास बिल येणाऱ्या घराला मग साधारण १२,००० येतं. आपण १२,००० धरू. ३१ मेच्या आत भरला तर सामान्य करात थोडी सूट, आणि थकवला तर दरमहा दोन टक्के शास्ती. मुंबई महापालिका हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, तिथला हिशेब वेगळा.

भाडेकराराबद्दल एक गैरसमज फार पक्का बसलाय. अकरा महिन्यांचाच करार करायचा, म्हणजे नोंदणी टळते. ही सवय बाहेरच्या राज्यांतली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असो, लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मग दर अकरा महिन्यांनी खर्च कशाला? दोन वर्षांचा करार करा, दुसऱ्या वर्षी पाच टक्के वाढ त्यातच लिहा. मुद्रांक शुल्क असं निघतं: पहिल्या वर्षाचे ३,००,०००, दुसऱ्याचे ३,१५,०००, आणि डिपॉझिट ७५,००० वर १० टक्क्यांनी दोन वर्षांचं धरलेलं व्याज १५,०००. एकूण ६,३०,००० च्या ०.२५ टक्के, म्हणजे १,५७५. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटची फी. मालकाचा खर्च वर्षाला २,००० पुरे. हे सगळं निम्मं-निम्मं वाटायचीही पद्धत आहे.

दलालीचा आणि रिकाम्या महिन्याचा विचार एकत्र करावा लागतो. दोन वर्षांतून एकदा भाडेकरू बदलला, एक महिना घर रिकामं राहिलं आणि एक महिन्याची दलाली गेली, तर वर्षाला १२,५०० अधिक १२,५००. पंचवीस हजार! म्हणून चांगला भाडेकरू हजार रुपये भाडं वाढवण्यापायी घालवणं हा तोट्याचा सौदा आहे. हजाराची वाढ म्हणजे वर्षाला १२,०००. ते मिळवायला दोन महिन्यांचं भाडं, जरुरीपुरता रंग आणि साफसफाई असे साठ-सत्तर हजार खर्ची घालायचे.

आता सगळं एका खाली एक:

रिकामा काळ १२,५००
मेंटेनन्स आणि बिनभोगवटा शुल्क ३८,६४०
मिळकतकर १२,०००
करार २,०००
दलाली १२,५००
घराचा विमा २,०००
वस्तूंची झीज ३३,३५०
किरकोळ दुरुस्ती ६,०००
साफसफाई, पेस्ट कंट्रोल ३,०००
सोसायटीची विशेष वर्गणी १०,०००

बेरीज १,३१,९९०. तीन लाखांतले १,६८,०१० उरतात, महिन्याला १४,०००. प्राप्तिकर अजून बाकी आहे.

करात मालकाने प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा होतो आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, खर्च कितीही झाला असला तरी. इथे मिळालेलं भाडं २,८७,५००, वजा १२,००० म्हणजे २,७५,५००. त्याचे ३० टक्के ८२,६५०. पण वरच्या यादीतले रिकामा काळ आणि मिळकतकर सोडून उरलेले खर्च आहेत १,०७,४९०. म्हणजे जवळपास २५,००० रुपये असे, जे खर्च होणार पण करात दिसणार नाहीत. रंगाची, प्लंबरची बिलं सीएकडे नेऊन काही उपयोग नाही, ती या ३० टक्क्यांतच आली. करपात्र १,९२,८५०, २० टक्क्यांच्या टप्प्यात सेससह सुमारे ४०,१०० कर. हातात राहिले वर्षाला १,२८,०००, महिन्याला साडेदहा हजारांच्या थोडे वर. कर्जाचं व्याज असेल तर तेही वजा होतं, मात्र नव्या करप्रणालीत घराचा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. हप्ता कर वाचवेल या भरवशावर घेतलेल्या दुसऱ्या घराचं गणित तिथे फसतं.

विम्याचा ओझरता उल्लेख पुरणार नाही. 'भारत गृह रक्षा' ही सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळणारी ठरावीक अटींची पॉलिसी एप्रिल २०२१ पासून आहे. आग, पूर, भूकंप यांतलं बांधकामाचं नुकसान त्यात येतं, आणि घर राहण्याजोगं उरलं नाही तर बुडालेलं भाडंही. विमा बांधकाम खर्चावर घ्यायचा, बाजारभावावर नाही, म्हणून हप्ता कमी बसतो. हळूहळू झिरपणारी ओल मात्र कुठल्याही पॉलिसीत झीज म्हणूनच मोजली जाते.

वर्षाचे आकडे महिन्यात आणले तर मेंटेनन्स आणि रिकामा काळ सोडून ८०,८५० भागिले १२, म्हणजे ६,७५० च्या आसपास. भाडं जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी एवढे पैसे आपोआप वेगळ्या खात्यात जातील अशी स्थायी सूचना बँकेत द्या. रिकाम्या काळासाठी एका महिन्याचं भाडं आणि दोन महिन्यांचा मेंटेनन्स तिथे कायम असू द्या. डिपॉझिट या खात्यात मिसळू नका. ते कर्ज आहे, भाडेकरू गेला त्या दिवशी परत द्यायचं. वेगळ्या मुदत ठेवीत ठेवा.

इथे जुनं घर घेणाऱ्यांसाठी एक अडचण आहे. वरचा हिशेब नव्या घराला पहिल्या दिवसापासून लागू होतो. आपलं घर बारा वर्षांचं आहे. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग पंधरापैकी बारा वर्षं वापरून झालंय, म्हणजे आधीच्या मालकाने साठवायला हवे होते ते ९६,००० तुमच्यासमोर तीन वर्षांत उभे राहणार. ट्रॉल्यांचे ६०,०००. नळ, पंखे तर मुदतीच्या पलीकडे गेलेले. रीसेलचा व्यवहार करताना ही थकबाकी कागदावर मांडा आणि किमतीत उतरवून मागा. तेवढं जमलं नाही तर किमान ती रक्कम पहिल्याच दिवशी दुरुस्तीच्या खात्यात टाका. नुसते महिन्याचे ६,७५० साठवून हा खड्डा वेळेत भरत नाही.

करारात दुरुस्तीचं कलम मोघम नको. 'किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी' यावर दोघांचाही अर्थ वेगळा निघतो. एका वेळच्या १,००० रुपयांपर्यंतची दुरुस्ती भाडेकरूची, त्यावरची मालकाची, वापराने झालेली झीज मालकाची आणि मोडतोड भाडेकरूची, असं आकड्यासह लिहा. ताबा देताना प्रत्येक खोलीचे, नळांचे, ओट्याखालचे तारखेसह फोटो दोघांच्याही फोनमध्ये असू द्या. वीजबिल मालकाच्या नावावर असेल तर एक बारीक गोष्ट: भाडेकरूने भरपूर एसी वापरला की महावितरण वाढीव सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल पाठवतं. ही ठेव तुमच्या नावे जमा राहते, तेव्हा ती तुम्ही भरा, वापराचं बिल भाडेकरूने.

घर रिकामं असेल तेव्हा मुख्य व्हॉल्व्ह आणि गीझरचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) बंद ठेवा, आणि पंधरा दिवसांतून एकदा कुणाला तरी पाठवून प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतायला सांगा. ट्रॅपमधलं पाणी आटलं की ड्रेनेजचा वास आणि झुरळं थेट घरात. घर बघायला आलेला माणूस दारातूनच परत जातो, आणि तुम्हाला वाटतं भाडं जास्त सांगितलं.

परदेशात राहणाऱ्या मालकांना आणखी एक रांग जोडावी लागते. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही कमी असो, भाडेकरूने पहिल्या रुपयापासून ३० टक्के अधिक सेस, म्हणजे ३१.२ टक्के कर कापून भरायचा असतो. निवासी मालकाच्या बाबतीत महिना ५०,००० पर्यंतच्या भाड्यावर कपात लागत नाही, ती मुभा इथे नाही. २५,००० च्या भाड्यातले एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नाच्या बँक खात्यात) १७,२०० येतात, उरलेले विवरणपत्र भरून परताव्यात मिळतील तेव्हा मिळतील. मेंटेनन्स, मिळकतकर आणि दुरुस्तीचे पैसे मात्र दर महिन्याला लागणारच. म्हणून एनआरओ खात्यात सुरुवातीलाच निदान सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक ठेवा. कमी दराने कर कापण्याचं प्रमाणपत्र प्राप्तिकर खात्याकडून आधी घेता येतं, ते आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच मागा. आणि ही कपात भाडेकरूला करारापूर्वी सांगा. घर पसंत पडल्यावर, टोकन दिल्यावर त्याला हे कळलं तर निम्मे जण तिथूनच माघार घेतात.